अपराधबोध आणि लज्जा (ख्रिस्ती जीवनातील)

आपल्या हातून घडलेल्या पापाची जाणीव होऊन माणूस देवाकडे आणि दुखावलेल्या माणसाकडे परत वळतो, तेव्हा त्या जाणिवेला ख्रिस्ती परंपरेत हितकारक अपराधबोध मानतात. तीच जाणीव ‘मी वाईट केले’ इथून ‘मीच वाईट, मला कुणी जवळ करू नये’ इथवर घसरली आणि माणूस लपू लागला, की ती घातक लज्जा होते. दोन्हींत डोळ्यांना धार लागते, झोप उडते, घास घशाखाली उतरत नाही. त्यामुळे बाहेरच्यालाच काय, पुष्कळदा खुद्द त्या माणसालाही दोन्ही सारख्याच वाटतात. मराठीत शब्दही एकच पुरतो. ‘जनाची नाही तर मनाची तरी लाज धर’ म्हणताना आपण सदसद्विवेकबुद्धीला हाक मारतो. ‘तोंड दाखवायला जागा उरली नाही’ म्हणतो तेव्हाची लाज निराळी असते. या नोंदीत लज्जा हा शब्द त्या दुसऱ्या अर्थाने आला आहे.

बायबलमध्ये लज्जेची पहिली खूण लपणे हीच आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदाम व हव्वा नग्न असून लाजत नाहीत. तिसऱ्या अध्यायात ती अंजिराची पाने शिवतात आणि बागेतल्या झाडांआड दडतात. देव विचारतो, “तू कोठे आहेस?” शिक्षा सुनावली जातेच, पण बागेबाहेर घालवण्यापूर्वी देव त्यांना चामड्याची वस्त्रे करून घालतो, ही ओळ वाचताना सहज निसटते. 32 व्या स्तोत्रात पाप दडवून गप्प राहणाऱ्याची हाडे जीर्ण होतात आणि कबुली दिल्यावर त्याला मोकळे वाटते. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला बथशेबा या परस्त्रीच्या प्रकरणी तोंडावर दोषी ठरवले, त्या प्रसंगाशी 51 वे स्तोत्र जोडलेले आहे. त्यात पापाची कबुली आहे, आणि मला तुझ्यापुढून घालवून देऊ नकोस अशी विनवणीही आहे.

हा भेद सर्वांत जवळून दिसतो तो पेत्र आणि यहूदा यांच्यात. एकाच रात्री या दोन शिष्यांनी गुरूला, येशूला दगा दिला: यहूदाने पैसे घेऊन त्याला धरून दिले, पेत्राने मी त्याला ओळखत नाही असे तीनदा सांगितले. यहूदाचे पुढचे वागणे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे, आणि ते नीट वाचले तर चकित व्हायला होते. त्याला पस्तावा झाला, त्याने तीस रुपये परत नेले, निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केले असे स्पष्ट शब्दांत सांगितले. कबुली झाली, भरपाईही झाली. पण ज्या याजकांपुढे तो उभा होता ते म्हणाले, त्याचे आम्हांला काय, तुझे तू पाहून घे. तो तिथून एकटा निघाला आणि त्याने गळफास घेतला. पेत्राच्या तोंडी मात्र त्या रात्रीची कबुली कुठेच नाही. तो बाहेर जाऊन फार रडला, एवढेच. पण तो इतर शिष्यांना सोडून गेला नाही. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजत असतो. कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो: इथे, आणि पेत्राने शेकत उभे राहून येशूला नाकारले त्या अंगणात. येशू तीनदा विचारतो, “माझ्यावर प्रीती करतोस काय?” पेत्र दुःखी होतो. नाकारल्याचा उल्लेख कुणीच करत नाही, पण जखम उघडी पडते, आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याच्यावर मेंढरे राखण्याचे काम सोपवले जाते. म्हणून दुःख किती खोल यावरून ते हितकारक की घातक हे ठरवू नये. ते कुणापाशी नेले आणि तिथे काय मिळाले, हे पाहावे.

प्रेषित पौलाने हाच भेद सिद्धान्त म्हणून मांडला तो करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (7:10): देवाला अनुसरून झालेले दुःख पश्चात्तापाकडे व तारणाकडे नेते, जगाचे दुःख मरणाकडे. पौलाला लाजवणे वर्ज्य होते असे मात्र नव्हे. पहिल्या पत्रात ‘तुम्हांला लाज वाटावी म्हणून हे बोलतो’ असे तो दोनदा म्हणतो. पण दुसऱ्या पत्रात मंडळीने शिक्षा केलेल्या माणसाबद्दल तो लिहितो की आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर अति दुःखात तो बुडून जाईल (2:7). शिस्त कुठे थांबवायची याचे एवढे स्पष्ट वचन असताना अनेक मंडळ्यांत ते विसरले जाते, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

पुढे पापनिवेदनाच्या, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे कबूल करण्याच्या, प्रथेने हा प्रश्न आणखी टोकदार केला. 1215 च्या लॅटरन या रोममधील धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणे सक्तीचे केले. गोव्याच्या कोंकणीत त्याला ‘कुमसार’ म्हणतात. संवेदनशील माणसाला या व्यवस्थेत आधार मिळाला, तसा जाचही झाला. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने 1522 मध्ये स्पेनमधील मोन्तसेर्रात येथे तीन दिवस लावून आयुष्यभराची पापे लिहून काढली आणि सांगितली. तरी मानरेसा येथे तो पुन्हा पुन्हा तीच पापे उकरू लागला, इतका की खोलीतल्या मोठ्या भोकातून उडी टाकून जीव द्यावा असे त्याला वाटू लागले. शेवटी त्याने ठरवले की मागचे पाप पुन्हा सांगायचे नाही, आणि सुटला. नंतर त्याने लिहिले की चुकून गवताच्या दोन आडव्या काड्यांवर पाय पडला आणि क्रूस तुडवल्याचे पाप झाले असे वाटले, तर तो निव्वळ चुकीचा निर्णय होय. प्रगती करणाऱ्या जिवाला चांगल्या आत्म्याचा स्पर्श स्पंजात पाण्याचा थेंब मुरावा तसा होतो, वाईटाचा दगडावर थेंब आपटावा तसा, ही त्याची उपमा आजही साधनामार्गदर्शक वापरतात.

मानसशास्त्रात हेलन ब्लॉक लुईस यांनी 1971 मध्ये जवळपास हीच रेषा आखली: अपराधबोधात कृत्यावर बोट, लज्जेत सबंध ‘मी’वर. ख्रिस्ती समुपदेशनाने ही मांडणी पुष्कळ उचलली. ती उपयोगी आहे. फक्त तिच्यात क्षमा करणारा कुणी नाही, आणि ख्रिस्ती विचारात सगळा भर त्याच्यावर आहे.

दुसऱ्याने लादलेली लज्जा हा वेगळाच प्रकार. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आलेल्या बालविधवांना ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून हिणवणाऱ्या समाजाचा अनुभव होता. तिथे 1905 च्या धार्मिक जागृतीच्या लाटेत मुलींनी रडून रडून पापे कबूल केली आणि त्यांना आनंद झाला, असे वृत्तान्त आहेत. पण वैधव्य हे पाप नव्हते. ते कबूल करण्याजोगे नव्हतेच. अत्याचार सोसलेल्या माणसाची लाजही तशीच. त्याच्याकडून पश्चात्ताप मागणे ही क्रूरता आहे. अशा वेळी आसरा, मान आणि हाताला काम लागते. केडगावला ते मिळत होते.

धर्मगुरू व पाळक व्यवहारात काही गोष्टी तपासतात. दोष नेमका सांगता येतो का, की ‘सगळेच चुकले’ एवढेच? शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदारासारखी चौपट भरपाई सुचते का, की नुसती स्वतःला शिक्षा? क्षमेचे शब्द ऐकल्यावर मन थोडे तरी निवते का? तेच जुने पाप दर आठवड्याला कबुलीत नव्याने येत असेल, तर एकाच मार्गदर्शकाकडे जावे आणि जुने पुन्हा सांगू नये, हा जुना नियम लावतात. धार्मिक शंकांचा हा छळ मंत्रचळाच्या विकाराचा (ओसीडी) भाग असू शकतो. तेव्हा, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तेव्हा, प्रार्थनेबरोबर मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी घेऊन जावे.