ब्रायटनच्या जुन्या घरांची सपाट छपरे आणि ती बदलण्यामागचा इतिहास

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन आणि होव्ह येथे समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या, पांढऱ्या गिलाव्याच्या जुन्या घरांना रस्त्यावरून पाहताना छप्पर दिसतच नाही, कारण ते कठड्यामागे दडलेले असते. या रचनेचे मूळ लंडनमधील आगीच्या भीतीत आहे. १७०७ च्या कायद्याने त्या शहरात भिंतीबाहेर येणाऱ्या लाकडी वळचणींना मनाई केली आणि भिंतच छपराच्या वर नेऊन कठडा बांधण्याची पद्धत पडली. कायदा लंडनपुरताच होता, पण कठड्याची आवड देशभर पसरली. १८२० च्या दशकात वाइल्ड्स पितापुत्र आणि चार्ल्स बझबी या वास्तुविशारदांनी इथल्या केम्प टाउन व ब्रन्सविक टाउन या वस्त्यांची आखणी केली, तोपर्यंत कठड्याविना प्रतिष्ठित घर कल्पनेतही बसत नव्हते.

कठड्यामागे बहुधा स्लेटचे (पाटीच्या दगडाचे) उतरते छप्पर असे. सपाट भाग असत ते कठड्यालगतच्या रुंद पन्हळी, पुढे आलेल्या गोलाकार खिडक्यांचे माथे, प्रवेशद्वारावरील सज्जे आणि मागच्या बाजूच्या बुटक्या खोल्या. त्यांवर शिशाचा पत्रा घातला जाई. शिसे उन्हाने बरेच प्रसरण पावते. तापमानात ६० अंशांचा फरक पडला, तर २ मीटर लांबीचा पत्रा सुमारे साडेतीन मिलिमीटर हलतो. म्हणून जुने कारागीर छोटे पत्रे वापरत, लाकडी गोल दांड्यांवर त्यांचे सांधे दुमडत आणि उताराच्या वाटेवर पायऱ्या ठेवत. असे छप्पर शतकभर सहज टिकते. खर्च वाचवण्यासाठी मोठे पत्रे वापरले, तिथे ते फाटले.

शिसे महाग असल्याने पर्यायांचा शोध तेव्हाही चालू होता. वास्तुविशारद जॉन नॅशने ब्रायटनमधील रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्याच्या छपरासाठी डिल याच्या नावाने विकले जाणारे तेलमिश्रित लुकण वापरले. ते तडकले आणि राजवाडा गळू लागला. १८३७ मध्ये क्लॅरिज याने फ्रान्समधील सेसेल येथील नैसर्गिक डांबरी दगडाच्या वापराचे इंग्लंडमधील पेटंट घेतले. पुढच्या काळात सपाट छपरांवर वितळलेले डांबर ओतण्याची पद्धत रूढ झाली.

गळतीची धास्ती या शहरात अधिक असण्याचे कारण भिंतींत आहे. गिलाव्यामागे अनेक ठिकाणी ‘बंगरूश’ म्हणजे गारगोट्या, विटांचे तुकडे आणि हाताला लागेल तो भराव चुन्यात बसवून केलेले बांधकाम आढळते. ते कोरडे असेपर्यंत ठीक उभे राहते. पन्हळ फुटून पाणी आत मुरू लागले, की चुना धुपतो आणि भिंत फुगते. त्यात खाऱ्या वाऱ्याने लोखंडी खिळे गंजतात आणि वादळी पाऊस आडवा येऊन कठड्याच्या सांध्यांत शिरतो. त्यामुळे इथे छपराचे काम पुढे ढकलणे म्हणजे भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च ओढवून घेणे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक मोठ्या घरांचे फ्लॅट झाले आणि मागे सपाट छपरांच्या खोल्या जोडल्या गेल्या. त्यांवर डांबरी फेल्टचे, म्हणजे डांबरात भिजवलेल्या जाड कापडाचे, थर चढले. स्वस्त फेल्ट दहा-पंधरा वर्षांत भेगाळे आणि त्यावरच नवा थर चढवला जाई, म्हणून आज छप्पर उकलताना एकाखाली एक अनेक थर निघतात. सपाट छपरांच्या बदनामीचा बराचसा वाटा माझ्या मते याच काळाचा आहे, शिशाचा नव्हे.

दरम्यान कायदा बदलला. १९४७ च्या नगररचना कायद्याने ऐतिहासिक इमारतींच्या सूचीला आधार दिला आणि १९६७ च्या कायद्याने संरक्षित क्षेत्रे आली. सूचीतील घराचे स्वरूप बदलेल असे काम परवानगीशिवाय करता येत नाही. दुसऱ्या बाजूने इंग्लंडचे बांधकाम नियम छपराचा निम्म्याहून अधिक भाग नव्याने करताना उष्णतारोधक थराची अपेक्षा ठेवतात. खरी अडचण इथे येते. पूर्वीच्या छपरात फळ्या आणि पत्रा एवढेच असे. आज फळ्यांच्या वर रोधक फलक घालायचे, तर पातळी साधारण १२ ते १५ सेंटिमीटर वर चढते. कठडा बुटका पडतो, वरच्या खिडकीची चौकट छपराला टेकते आणि भिंतीलगत जलरोधक आवरण १५० मिलिमीटर वर नेण्याचा नियम पाळायला जागा उरत नाही.

फलक वाशांमध्ये खाली घातले, तर पातळी तीच राहते, पण वर हवेसाठी ५० मिलिमीटर पोकळी आणि दोन्ही टोकांना वाट हवी. कठड्याने वेढलेल्या छपराला ती वाट क्वचितच मिळते. मग घरातील बाष्प थंड फळ्यांवर साचते, लाकूड कुजते आणि शिसे वरून धड दिसत असतानाही खालून पांढरे पडून झिजते. नियमांमध्ये सूचीतील इमारतींसाठी सवलत आहे ती यामुळेच: घराच्या स्वरूपाला किंवा टिकाऊपणाला बाध येणार नाही इतकीच सुधारणा तिथे अपेक्षित असते. रस्त्यावरून दिसणाऱ्या खिडकीच्या माथ्यावर म्हणून पुन्हा शिसेच घातले जाते, तर मागच्या खोलीवर, जिथे उंची वाढवायला वाव असतो, रबरी पडदा किंवा फायबरग्लास स्वीकारले जाते.