क्लाउड शिकायला येण्याआधी हे वाचून घ्या

आमच्या क्लाउड आर्किटेक्चर आणि सुरक्षेच्या कोर्सच्या चौकशीला येणाऱ्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: कोर्स किती महिन्यांचा आणि सर्टिफिकेट मिळणार का? दोन्हींची उत्तरं पुढे दिली आहेत. त्याआधी आमची एक फजिती ऐका, कारण आमचा अभ्यासक्रम आज जसा आहे तो तिच्यामुळेच.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं. मगरींचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. आमचं तेव्हाचं ऑफिस तळमजल्यावर होतं. पाणी वाढतंय म्हटल्यावर सगळ्यांनी मिळून कॉम्प्युटर वर नेले, खुर्च्या नेल्या, देवाचा फोटोसुद्धा नेला. टेबलाखालचा सर्व्हर तेवढा राहिला. बॅकअप होता, रोज रात्री नेमाने घेतलेला. ती हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती.

आता कोणी म्हणेल, क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर, असतं तर वाचलं असतं. कदाचित. पण फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या मोठ्या क्लाउड कंपनीची डेटा सेंटरची एक आख्खी इमारत जळून गेली, आणि काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला, कारण त्यांचा बॅकअपही तिथेच होता. आमच्या खणाचीच गोष्ट, फक्त खण फार मोठा. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही स्क्रीनवरची बटणं दाखवत नाही. कागद-पेन्सिल देतो, तुमच्या कंपनीची किंवा एखाद्या काल्पनिक दुकानाची यंत्रणा चौकोन-बाणांनी काढायला सांगतो आणि प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून दोन प्रश्न विचारतो. हे बंद पडलं तर काय? आणि इथपर्यंत कोण कोण पोचू शकतं? पहिला प्रश्न आर्किटेक्चरचा, म्हणजे यंत्रणेच्या मांडणीचा, दुसरा सुरक्षेचा. पुष्कळ ठिकाणी हे दोन वेगळे कोर्स म्हणून विकले जातात. आम्हाला ते पटत नाही.

आजव्याचं पाणी आणि घरची टाकी

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्यांत आड असायचे. मग सयाजीराव महाराजांनी आजवा तलाव बांधला, नळाने पाणी आलं आणि रोज पाणी शेंदायचं काम गेलं. क्लाउडचं साधारण असंच आहे. सर्व्हर विकत घ्या, त्याला एसी लावा, यूपीएसच्या बॅटऱ्या बदला, हे सगळं दुसरा कोणी करतो. तुम्ही तोटी उघडता आणि वापराप्रमाणे बिल भरता.

पण गच्चीवरच्या टाकीला झाकण नसेल आणि पाण्यात अळ्या झाल्या, तर दोष आजव्याला देता येत नाही. या वाटणीला 'शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी' म्हणतात. इमारत, वीज, यंत्रं, डिस्क ही पुरवणाऱ्याची जबाबदारी. तुमचा डेटा कोणाला दिसतो, कोणाला कसली परवानगी आहे, पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय, हे तुमचं. मधली रेघ मात्र सेवेप्रमाणे सरकते. नुसता व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेतलात तर त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट करणं तुमच्याकडे. तयार डेटाबेस सेवा घेतलीत तर इंजिनाची डागडुजी त्यांच्याकडे, पण दार उघडं ठेवायचं की बंद हे तरी तुमच्याकडेच. ही रेघ प्रत्येक सेवेसाठी कुठे पडते हे ओळखता येणं, यावर आम्ही पूर्ण दोन आठवडे देतो. कंटाळवाणं वाटतं असं विद्यार्थी सांगतात. ते खरं आहे.

बंद पडलं तर काय

एडब्ल्यूएस ही ॲमेझॉनची क्लाउड सेवा. तिचं मुंबई रीजन, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांचा समूह, २०१६ मध्ये सुरू झालं, हैदराबादचं २०२२ मध्ये. मायक्रोसॉफ्टचं अझ्युर पुणे, मुंबई आणि चेन्नईत आहे. गुगल क्लाउड मुंबई आणि दिल्लीत. बडोद्यातल्या कंपनीने बहुधा मुंबई किंवा पुणे निवडावं, अंतर कमी म्हणजे प्रतिसाद लवकर. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये तीन अव्हेलेबिलिटी झोन आहेत, म्हणजे वीज आणि नेटवर्क वेगवेगळं असलेले तीन गट. एक झोन गेला तरी दुसऱ्यावर काम चालू राहील अशी मांडणी करणं हा पहिला धडा.

मग २० ऑक्टोबर २०२५ ला एडब्ल्यूएसच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रीजनमध्ये डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदी (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या) बिघडल्या आणि जगभरच्या कित्येक सेवा काही तास आडव्या झाल्या. बिघाड आख्ख्या रीजनचा होता, तिथे झोन तीन असोत की सहा, उपयोग नव्हता. हे शिकवलं की वर्गात लगेच कोणीतरी म्हणतं, "मग सगळं दोन रीजनमध्ये ठेवू या!" ठेवता येतं. बिल जवळपास दुप्पट होतं आणि दोन्हीकडचा डेटा जुळवत ठेवायचं काम वाढतं.

इथे खरं आर्किटेक्टचं काम सुरू होतं, आणि ते मालकाशी बोलण्याचं काम आहे. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत ट्रान्सफॉर्मरचे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं बिलिंग चार तास बंद राहिलं तर चलन हाताने लिहून गाडी सोडता येते. इस्पितळाचं सॉफ्टवेअर चार तास बंद ठेवणं वेगळं. म्हणून दोन आकडे ठरवून घ्यायचे: किती वेळात परत उभं राहायचं, याला आरटीओ म्हणतात, आणि मागचं किती वेळाचं काम गमावलेलं चालेल, याला आरपीओ. मालक सुरुवातीला "शून्य" असंच म्हणतो. त्याला ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद आणि ९९.९९ टक्के म्हणजे साधारण ५२ मिनिटं, हे आकडे खर्चासकट समोर ठेवले की तो विचार करायला लागतो. हा संवाद आम्ही वर्गात प्रत्यक्ष करून घेतो. एक जण शेठ होतो, एक आर्किटेक्ट. शेठ झालेले फार खुशीत असतात.

कोण पोचू शकतं

कोड स्पेसेस नावाची कंपनी होती, लोकांचा सोर्स कोड सांभाळणारी. जून २०१४ मध्ये कोणीतरी तिच्या एडब्ल्यूएस कंट्रोल पॅनेलमध्ये शिरला आणि पैसे मागू लागला. कंपनीने पासवर्ड बदलायला घेतले, पण त्याने आधीच आणखी लॉगिन करून ठेवले होते. कंपनी आपल्याला हुसकावतेय हे दिसताच त्याने डेटा, स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या त्या वेळच्या प्रती), बॅकअप पुसायला सुरुवात केली. अर्ध्या दिवसात बहुतेक सगळं संपलं आणि कंपनी बंद झाली.

बॅकअप होता, इमारतीही शाबूत होत्या. पण सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या. म्हणून बॅकअप वेगळ्या खात्यात, वेगळ्या परवानग्यांखाली ठेवायचा हा नियम आम्ही सुरक्षेच्या तासाला सांगतो तसाच आर्किटेक्चरच्या तासालाही सांगतो. २०१९ च्या कॅपिटल वन प्रकरणात अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती गेली. तिथे चुकीने जुळवलेला फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारी भिंत) आणि गरजेपेक्षा जास्त परवानगी असलेला एक रोल (यंत्रणेला दिलेला परवानग्यांचा संच), या दोन गोष्टी एकत्र आल्या.

प्रात्यक्षिकाला आम्ही मुद्दाम बिघडवलेलं खातं देतो. साऱ्या जगाला उघडा असलेला पोर्ट २२ (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं दार), सगळ्यांना वाचता येणारी बकेट (फाइली ठेवायची जागा), कोडमध्येच चिकटवलेली ॲक्सेस की (प्रोग्रामला आत शिरायची किल्ली), एमएफए (पासवर्डशिवायची दुसरी खात्री) नसलेलं रूट, म्हणजे सर्वाधिकारी, खातं, बंद करून ठेवलेले लॉग (कोणी काय केलं याच्या नोंदी). दोन तासांत जेवढं सापडेल तेवढं शोधायचं, आणि नुसतं शोधून भागत नाही, दुरुस्तही करायचं, चालू असलेली वेबसाइट न पाडता. शेवटची अट फार जणांना घाम फोडते.

कंपनीतर्फे येणाऱ्यांसाठी थोडं कायद्याचं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आम्ही वकील नाही. यंत्रणा त्या नियमांना पुरी पडेल अशी कशी जुळवायची, तेवढं शिकवतो.

बिलाची भीती

ही रास्त आहे. सराव तुमच्या स्वतःच्या खात्यावर होतो. एडब्ल्यूएसने जुलै २०२५ पासून नव्या खात्यांना २०० डॉलरपर्यंत क्रेडिट देणं सुरू केलं आहे आणि आमचा सराव त्यात बसतो, पण सेवा चालू सोडून घरी गेलात तर बसत नाही. नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर जायची वाट) वापर नसतानाही तासावर पैसे घेतो. पब्लिक आयपीव्ही-४ पत्त्याला (इंटरनेटवरून यंत्र गाठायचा क्रमांक) फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर पडतात. ऐकायला काहीच नाही, महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर जातं, तेही एका पत्त्याला. बजेट अलर्ट पहिल्याच दिवशी लावून घेतो. मात्र तो फक्त मेल पाठवतो, काही बंद करत नाही, हे ध्यानात ठेवा. तास संपताना 'बंद केलं का?' असं ओरडायचं काम पाळीपाळीने एकेका विद्यार्थ्याकडे असतं.

सर्टिफिकेट आणि नोकरी

आमचं सर्टिफिकेट मिळतं. छान छापलेलं आहे, पण मुलाखतीत विचारतात ते कंपन्यांच्या परीक्षांचं. एडब्ल्यूएसच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेला ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२० ला पास, फी १५० डॉलर अधिक कर, आणि प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं. ही फी तुम्ही थेट परीक्षा घेणाऱ्यांकडे भरायची, आमच्याकडे नाही. सीसीएसपी या क्लाउड सुरक्षेच्या प्रमाणपत्राबद्दल बरेच जण विचारतात. त्याला आयटीतला ५ वर्षांचा अनुभव लागतो. परीक्षा आधी देता येते, पण अनुभव भरेपर्यंत पूर्ण पदवी मिळत नाही. 'सहा महिन्यांत सीसीएसपी' असं कोणी सांगत असेल तर हे विचारून बघा.

नोकरीची हमी आम्ही देत नाही. ओळखीच्या कंपन्यांना नावं कळवतो, एवढंच.

कोणी येऊ नये

लिनक्सवर एक फाइलसुद्धा उघडलेली नसेल, आयपी पत्ता म्हणजे काय हे माहीत नसेल, तर थांबा. आमचा चार रविवारचा पायाभूत वर्ग आधी करा. प्रवेशाच्या वेळी एक साधा प्रश्न असतो: /२४ च्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एका तुकड्यात) पत्ते किती? २५६ म्हणालात तर पुरे. एडब्ल्यूएसमध्ये त्यातले ५ राखीव असल्याने २५१ च हाती येतात हे ज्याने सांगितलं, त्याला पहिले दोन तास सुट्टी.

मुख्य कोर्स चार महिन्यांचा, शनिवार-रविवार सकाळी, एका तुकडीत बारा जण. शिकवणं मराठीतून. तुकडीत गुजराती बोलणारे असले की तास मधूनच गुजरातीत जातो, त्याला इलाज नाही आणि आजवर कोणाची तक्रारही नाही. तांत्रिक शब्द आहेत तसेच वापरतो. 'लोड बॅलन्सर'ला मराठी शब्द शोधत बसत नाही. लॅपटॉप स्वतःचा आणा, ८ जीबी रॅम असला की भागतं. फी हप्त्यांनी देता येते. पहिला वर्ग बसून बघा, पटला नाही तर काही द्यायचं नाही.

जुन्या पत्त्यावर जाऊ नका. आम्ही आता दुसऱ्या मजल्यावर आहोत. लिफ्ट नाही.