पियानिस्टच कथा-कादंबऱ्या लिहायला लागले, ते कसं?

कॉन्सर्ट पियानिस्ट असून कादंबरी पण लिहिली असं कोणाबद्दल वाचलं की वाटतं हा हल्लीचा प्रकार असणार, पण नाही, हे दोनशे वर्षं जुनं आहे आणि सुरुवात जर्मनीतली.

ई. टी. ए. हॉफमन (1776-1822) शिकला कायदा, पण जीव सगळा संगीतात, इतका की मोत्झार्टच्या प्रेमापोटी स्वतःच्या नावातलं विल्हेल्म काढून अमाडेउस घातलं. 1808 मध्ये बाम्बर्गच्या थिएटरात संगीत दिग्दर्शक म्हणून गेला, तिथे जम बसला नाही, मग शिकवण्या आणि लाइपझिगच्या एका संगीत साप्ताहिकात लिखाण. त्याची पहिली गाजलेली कथा 1809 ला त्याच साप्ताहिकात आली. म्हणजे संगीतात पोट भरेना म्हणून कथा आली असंच म्हणायला लागेल.

जर्मन संगीतकार शुमानचं वेगळं. वडील पुस्तकविक्रेते, त्यामुळे लहानपणापासून वाचन-लेखन घरातच, आणि व्हायचं होतं पियानिस्ट. उजव्या हाताचं बोट कामातून गेलं आणि तो रस्ता बंद झाला. पण त्याने 1831 मध्ये शोपँ या पोलिश संगीतकारावर लिहिलेला लेख वाचून बघा, समीक्षा अशी नाहीचे, चक्क कथेतला प्रसंग आहे! ऑइझेबिउस नावाचं काल्पनिक पात्र खोलीत येतं, "टोप्या काढा, हा जीनियस आहे" म्हणतं, आणि शोपँचं नाव झाकून नोटेशन पुढे ठेवतं. वय तेव्हा फक्त 21.

पुढे मात्र दोन्ही एकत्र करणं अवघड होत गेलं. 1840 च्या आसपास लिस्ट या गाजलेल्या पियानिस्टने एकट्याने अख्खा कार्यक्रम वाजवायची पद्धत रुजवली, मग सगळं पाठ हवं, रियाजाचे तास वाढले, लिहायला वेळ उरणार कुठून?

तरी उरुग्वेच्या फेलिस्बेर्तो एर्नान्देसने (1902-1964) ते केलं, आणि माझ्या मते या सगळ्यात तोच सगळ्यात भारी. पोरवयात मूकपटांना पियानोची साथ, मग उरुग्वे-अर्जेंटिनातल्या छोट्या गावांतून कार्यक्रमांचे दौरे, आणि त्या धावपळीतच 1925 ते 1931 मध्ये चार छोटी पुस्तकं. चाळिशीत पियानो मागे पडला, लिखाण पुढे आलं. त्याच्या एका कथेत गावोगाव वाजवणाऱ्या पियानिस्टला एक म्हातारा घरी नेतो, त्याच्या मुलीचा जीव बाल्कनीवर जडलाय, आणि ती बाल्कनी कोसळते तेव्हा मुलीला वाटतं की या पियानिस्टबद्दलच्या जेलसीने बाल्कनीनेच जीव दिला. फिरता पियानिस्ट अनोळखी घरांत शिरतो, तिथलं विचित्रपण बघतो, हे दौरे केल्याशिवाय सुचलं नसतं. काल्विनो आणि कोर्तासार हे नावाजलेले लेखक दोघेही त्याचे चाहते होते ते उगाच नाही.

ऑस्ट्रियन लेखिका एल्फ्रिडे येलिनेकही याच वाटेवरची: व्हिएन्नात पियानो आणि ऑर्गनचं कडक शिक्षण, 1971 ला ऑर्गनचा डिप्लोमा, 1983 ला पियानो शिक्षिकेवरची कादंबरी, 2004 ला नोबेल. त्या कादंबरीत रियाजाचा जाच इतका आतून आलाय की वाचताना अंगावर येतो.

म्हणून ब्रिटिश पियानिस्ट स्टीफन हफचं विशेष वाटतं. करिअर जोरात चालू असताना 2018 मध्ये त्याची कादंबरी आली, हात दुखावला नाही की स्टेज सुटलं नाही, आणि नायक पियानिस्ट नाहीच, एक कॅथलिक पाद्री आहे.