नकाशा वाचायचा तर आधी कोपरा वाचा

नकाशा समोर आला की नजर ओळखीच्या नावाकडे धावते. ते सापडलं की नकाशा पाहून झाला असं आपण समजतो. खरं तर नकाशातला बराच मजकूर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो: प्रमाण, सूची, उत्तरेचा बाण, सर्वेक्षणाचं वर्ष. तो वगळला तर अंतर, चढ आणि दिशा या तिन्हींत फसगत होते.

आधी प्रमाण. १:५०,००० असं लिहिलं असेल तर नकाशावरचा १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. १:१०,००,००० असेल तर त्याच सेंटीमीटरमध्ये १० किमी मावतात. पहिला नकाशा बृहत्प्रमाणाचा, दुसरा लघुप्रमाणाचा. इथे बहुतेकांचा गोंधळ उडतो, कारण मोठा प्रदेश दाखवतो तो लघुप्रमाण नकाशा. दोन्ही प्रमाणं अपूर्णांक म्हणून लिहून पाहिली की कुठला मोठा ते लगेच कळतं. नकाशाची झेरॉक्स मोठी करून काढली, की छापलेलं अंकप्रमाण खोटं ठरतं. शेजारची रेषाप्रमाणाची पट्टी मात्र चित्रासोबतच ताणली जाते, म्हणून तीच विश्वासाची. वळणावळणाचा रस्ता मोजायला साधा दोरा पुरतो: रस्त्यावरून फिरवायचा, सरळ करायचा आणि त्या पट्टीवर ठेवायचा.

जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या, म्हणजे स्थलनिर्देशक, नकाशात खरी मजा आहे ती समोच्च रेषांची. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेले बिंदू जोडणारी ही रेषा. १७७४ साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या मदतीने पृथ्वीची घनता काढायचा प्रयोग झाला. त्यासाठी डोंगराचं आकारमान हवं होतं आणि हाताशी होते उंचीचे असंख्य सुटे आकडे. गणिती चार्ल्स हटन यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले आणि आकड्यांच्या त्या गर्दीतून डोंगराचा आकार दिसू लागला.

रेषा दाटीवाटीने आल्या तर चढ तीव्र, दूर दूर असतील तर सौम्य. एकात एक बंद वळी असून आतल्या बाजूला आकडे वाढत असतील तर टेकडी. अशा दोन टेकड्यांमधली बसकी जागा म्हणजे खिंड. रेषांची टोकदार वळणं उंच भागाकडे रोखलेली असतील तर तिथे घळ आहे, पावसाचं पाणी तिथूनच उतरणार. तीच टोकं सखल भागाकडे असतील तर ती डोंगराची सोंड. घळ आणि सोंड नकाशावर अगदी सारख्या दिसतात, फरक कळतो तो आकड्यांवरूनच.

आता थोडं गणित. १:५०,००० च्या नकाशावर दोन रेषांमध्ये उंचीचं २० मीटरचं अंतर आहे आणि तुमच्या वाटेच्या १ सेंमीमध्ये अशी पाच अंतरं मोडतात. म्हणजे ५०० मीटरमध्ये १०० मीटर चढ. नकाशा आडवं अंतर दाखवतो, त्यामुळे उतारावरची प्रत्यक्ष वाट बरीच लांब निघेल असं वाटतं. पायथागोरसला विचारलं तर ती भरते जेमतेम ५१० मीटर. लांबी फारशी वाढत नाही, वाढतो तो वेळ. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला. मेट्रिक रूपात तो असा: तासाला ५ किमी चाल आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. या हिशेबाने सपाटीवर ६ मिनिटांत संपणारी वाट इथे १६ मिनिटं खाते. वाटेत दम खायला थांबलात तर ती मिनिटं वेगळी!

कोपऱ्यात समोच्च रेषांमधलं उंचीचं अंतर लिहिलेलं असतं, तेही नजरेखालून घालावं. ते २० मीटर असेल तर १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये बेमालूम लपू शकतो. नकाशावर कडा नाही म्हणजे जमिनीवर नाही, असं धरून चालू नये.

दिशेचं प्रकरण जरा नाजूक आहे. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, तर नकाशावरची रेखावृत्तं भौगोलिक उत्तर ध्रुवाकडे जातात. या दोन उत्तरांमधला कोन जागेनुसार बदलतो. एडमंड हॅले (धूमकेतूवाले तेच) यांनी अटलांटिक महासागरात फिरून हा कोन मोजला आणि १७०१ मध्ये समान कोनाच्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषांचा नकाशा प्रसिद्ध केला. चुंबकीय ध्रुव सरकत राहतो, म्हणून चांगल्या नकाशावर हा कोन वर्षासह छापतात. एका अंशाची चूक किलोमीटरमागे सुमारे १७ मीटर बाजूला नेते. दहा अंशांची चूक पावणेदोनशे मीटर, आणि धुक्यात वाट हरवायला तेवढं भरपूर झालं.

जगाच्या नकाशात वेगळीच अडचण येते. गोल पृष्ठभाग कागदावर सपाट करताना आकार, क्षेत्रफळ, अंतर यांपैकी काहीतरी बिघडणारच. नकाशाकार मर्केटर यांचं १५६९ चं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायची त्यांची रीत, खलाशांसाठी होतं. त्यावर काढलेली सरळ रेषा म्हणजे होकायंत्राचा कोन न बदलता जाता येईल असा मार्ग. त्याची किंमत क्षेत्रफळाने मोजली. ६० अंश अक्षवृत्तावर लांबी-रुंदी दुप्पट होते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. त्यामुळे आफ्रिका प्रत्यक्षात सुमारे चौदापट मोठी असूनही ग्रीनलंड तिच्या जोडीला बसलेलं दिसतं. यात मर्केटर यांना दोष देण्यात अर्थ नाही. समुद्रप्रवासाचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावला कुणी, हे विचारायला हवं. लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेक यांनी केलेला १९३३ चा नकाशा तर अंतरं सरळ सोडूनच देतो. कुठे गाडी बदलायची एवढंच सांगतो आणि ते चोख सांगतो.

एखाद्या विषयाची आकडेवारी दाखवणारे, म्हणजे विषयाधारित, नकाशे वाचताना अधिक सावध राहावं लागतं. क्षेत्रघनी नकाशात प्रत्येक विभाग आकडेवारीनुसार रंगवतात. तिथे रुग्णांची एकूण संख्या रंगवली, तर गडद दिसणार ते बहुधा जास्त लोकवस्तीचे विभागच. म्हणून सूचीत ‘दर लाख लोकांमागे’ असं काही लिहिलंय का, हे आधी पाहायचं. टिंबांच्या नकाशातही तोच धोका.

लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी साथीचं मूळ म्हणून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपावर बोट ठेवलं. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. त्यांचा प्रसिद्ध नकाशा त्यानंतरचा. त्यात घराघरासमोर मृत्यूंच्या काळ्या खुणा आहेत आणि पंपाभोवती त्यांची गर्दी दिसते. पण तिथे वस्तीच दाट होती, असं कुणीही म्हणू शकलं असतं. स्नोंचं म्हणणं पक्कं झालं ते जिथे खुणा असायला हव्या होत्या आणि नव्हत्या, अशा जागांमुळे. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसं राहत होती. त्यातली ५ दगावली. त्या आश्रमाची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच बिअरच्या कारखान्यातले सत्तरहून अधिक कामगार तगले. त्यांना प्यायला बिअर मिळे आणि मालकाच्या मते ते त्या पंपाचं पाणी पीतच नसत.