पायपर ॲरो आणि आपोआप खाली येणारी चाके : पार्श्वभूमी

बारामती किंवा गोंदियाला शिकणारा वैमानिक सुरुवात करतो ती पक्क्या, म्हणजे न मिटणाऱ्या चाकांच्या विमानावर. सेस्ना 172 या अशा छोट्या विमानात बिघडते ते मुख्यतः पुढचे चाक. विमान मागच्या दोन चाकांऐवजी नाकावर टेकते, उसळते, शिकाऊ हात घाईने योक (नाक वर-खाली करणारे सुकाणू) पुढे ढकलतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आपटीत पुढचा स्ट्रट (चाकाचा दांडा) मोडतो. प्रोपेलर जमिनीला लागतो, इंजिनामागची भिंत म्हणजे फायरवॉलही वाकते. उसळी आली की थ्रॉटल पूर्ण देऊन, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर देऊन वर जाणे आणि पुन्हा चक्कर मारणे हाच खरा उपाय.

मिटणाऱ्या चाकांचे दुखणे वेगळे: ती खाली घ्यायचीच राहतात. अमेरिकेत व्यावसायिक परवान्याच्या परीक्षेला मिटणारी चाके, फ्लॅप (पंखांमागच्या खाली वळणाऱ्या झडपा) आणि पिच, म्हणजे पात्यांचा कोन, बदलणारा प्रोपेलर असलेले विमान लागत असे. तिथल्या प्रशिक्षण संस्थांत त्यासाठी पायपर कंपनीचे एका इंजिनाचे ॲरो फार चालले. 1967च्या या विमानात विसरभोळेपणावर यंत्रच बसवले होते. बाजूला लावलेली एक नळी प्रोपेलरच्या झोतातला हवेचा दाब मोजी. थ्रॉटल बंद असताना वेग ताशी साधारण 105 मैलांखाली गेला, की चाके आपोआप खाली येत.

कल्पना चांगली होती, पण इंजिन बंद पडल्यावर सर्वांत दूर तरंगत जाण्याचा वेगही जवळपास तोच. म्हणजे शेत गाठायचे असताना चाके उघडून विमान आधीच खाली बसणार. नळीवर बर्फ जमला तरी तेच. स्टॉलच्या (वेग फार घटून पंखांची उचल जाण्याच्या) सरावात तर चाके उघडू नयेत म्हणून त्यांचा आपत्कालीन लिव्हर वर अडकवून ठेवावा लागे. कंपनीने 1980च्या दशकाच्या अखेरीस ही यंत्रणा निकामी करण्याची सूचना काढली.

बाकी रचना मात्र उत्तम होती. चाके वर धरून ठेवतो तो फक्त हायड्रॉलिक (तेलाचा) दाब, त्यासाठी यांत्रिक कुलूप नाही. दाब गेला की चाके वजनाने पडतात, पुढच्या चाकाला स्प्रिंगची मदत मिळते. चाके खाली लॉक झाल्याचे तीन हिरवे दिवे लागले नाहीत, तर आधी सर्किट ब्रेकर बघायचा. मग पॅनेलच्या दिव्यांचा स्विच: तो चालू राहिला तर हिरवे दिवे इतके मंद होतात की दिवसा विझलेलेच वाटतात. एकच दिवा बंद असेल, तर शेजारचा बल्ब काढून तिथे लावून पाहता येतो. तरीही शंका उरली तर वेग 100 मैलांखाली आणायचा, गिअरचा (चाकांचा) स्विच खाली ठेवायचा, आपत्कालीन लिव्हर खाली दाबून धरायचा आणि रडरने (शेपटीच्या सुकाणूने) नाक डावीकडे-उजवीकडे हलवून मुख्य चाके लॉक करायची.

एप्रिल 2018मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेने एका इंजिनाच्या विमानावरील व्यावसायिक परीक्षेतली अशा विमानाची अट काढली, कारण अशी विमाने कमी आणि जुनी होत चालली होती. आता मिटणारी चाके बहुतेकांना प्रथम भेटतात ती दोन इंजिनांच्या डायमंड डीए-42 किंवा पायपरच्या सेनेकावर. तिथेही चाके हायड्रॉलिक दाबानेच वर राहतात, आणि आपत्कालीन नॉब ओढल्यावर स्वतःच्या वजनाने खाली येतात.