बोरिवलीचं नॅशनल पार्क : 'अतिक्रमण' कुणाचं?

या पार्कातल्या लेण्यांचं 'कान्हेरी' हे नाव 'कृष्णगिरी'वरून आलं. काळ्या कातळात शंभराहून जास्त लेणी आहेत आणि जवळपास प्रत्येकीपाशी पावसाचं पाणी साठवणारी पोढी. पुढे पाणी हवं झालं ते मुंबईला. १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव पुरा झाला. पिण्याचं पाणी म्हणून पाणलोटात वस्ती वाढू दिली नाही, आणि त्यामुळेच एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध जंगल टिकलं.

स्वातंत्र्यानंतर 'कृष्णगिरी उपवन' झालं, १९७० च्या दशकात 'बोरिवली राष्ट्रीय उद्यान', मग संजय गांधी या दिवंगत नेत्याचं नाव लागलं. दर वेळी हद्द वाढत गेली. आज मुंबई आणि ठाणे मिळून सुमारे १०४ चौरस किलोमीटर. लोकांच्या तोंडी मात्र अजून 'नॅशनल पार्क'च.

खरा गुंता १९९५ नंतरचा. पर्यावरणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जनहित याचिका केली आणि मे १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव असेल त्याने ७,००० रुपये भरायचे आणि पर्यायी जागा घ्यायची. बाकीच्यांच्या झोपड्या पाडायच्या. आधी जागा सुचवली ती कल्याणकडे, रोजच्या कामापासून कोसभर नव्हे, तासन्‌तास दूर. चांदिवलीच्या पुनर्वसनाच्या इमारती त्यानंतरच्या. तोवर हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरले होते.

जंगल वाचायला हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डोंगर उतारावर चाळी चढत होत्या आणि झाडं तुटत होती. पण 'अतिक्रमण' या एकाच शब्दात कालपरवाची झोपडपट्टी बसली आणि वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी यांचे पाडेही बसले. अतिक्रमण म्हणजे आखलेली हद्द ओलांडून आत येणं. नवापाडा किंवा रावणपाड्यातली माणसं कुठून आत आली? हद्दच त्यांच्या अंगणावरून गेली. त्यांच्याकडे कागद नव्हते, कारण सातबारा कधी त्यांच्या नावाने निघालाच नाही. मतदार यादीतलं नाव हा झोपडपट्टीसाठी पुरावा ठरू शकतो. ज्यांच्या आजीच्या आजीने इथे नाचणी पेरली, त्यांच्यासाठी ती चुकीची फूटपट्टी होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा कुटुंबांना दावा करायचा मार्ग दिला, तरी कागदाचा प्रश्न पाड्यांवर अजून संपलेला नाही. नळ आणायचा, वीज आणायची, तरी वनखात्याची परवानगी लागते.

पर्यटकाला हे काही दिसत नाही. बोरिवली पूर्वेला हायवेवरच्या मोठ्या गेटवर तिकीट काढायचं की आत. सकाळी चालायला येणाऱ्यांचे वेगळे पास असतात. कान्हेरी आत सहाएक किलोमीटरवर, तिथे पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं. शिलोंडा पायवाटेवर परवानगी घेऊनच जाता येतं. लहान मुलांची छोटी रेल्वे 'वनराणी' मे २०२१ च्या चक्रीवादळात रूळ खराब झाल्यावर बराच काळ बंद पडली. महाशिवरात्रीला कान्हेरीच्या रस्त्यावर माणसांची रांग लागते.

त्याच रस्त्याच्या कडेला पाड्यावरच्या बायका टोपली घेऊन बसतात. काकडी उभी चिरून मीठ-तिखट भरून देतात, मे महिन्यात पानाच्या द्रोणात करवंदं. माकड झाडावरून उतरलं की एका हाताने टोपलीवर फडकं ओढतात, दुसऱ्या हातात काठी, आणि गिऱ्हाइकाशी बोलणं सुरूच. सोमवारी पार्क बंद, म्हणून त्या दिवशी धंदा नाही. पाड्यावरची मुलं मात्र सोमवारीही त्याच वाटेने शाळेत जातात.