प्राध्यापकांच्या नावावरची पुस्तके : एका सवलतीची पार्श्वभूमी

ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलामागे काही वर्षे काढली की पुस्तक मागच्या पानापासून वाचायची सवय लागते. तिथे तारीखपट्टी चिकटवलेली असते. संख्याशास्त्राच्या एका पुस्तकाची पट्टी माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. सुरुवातीला दर पंधरा दिवसांचा एक असे शिक्के दाटीवाटीने बसलेले, काही तिरपे, काही एकमेकांवर चढलेले. मग एक शिक्का, आणि त्याच्या खालचा शिक्का थेट नऊ वर्षांनंतरचा. मधली नऊ वर्षे ते पुस्तक एका प्राध्यापकांच्या कपाटात होते. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. अध्यापकवर्गाला परतीची तारीखच नसे, आणि निवृत्तीच्या वेळी ना-देय दाखल्यासाठी त्यांनी ते बाकीच्या गठ्ठ्यासोबत आणून दिले. आत पानोपानी पेन्सिलीने टिपा होत्या. एका सिद्धतेतली गाळलेली पायरी त्यांनी समासात पूर्ण करून ठेवली होती. पुस्तक वापरले गेले होते, आणि चांगले वापरले गेले होते. पण त्या नऊ वर्षांतल्या विद्यार्थ्यांना ते कधी मांडणीवर दिसलेच नाही.

अध्यापकाला जास्त पुस्तके, जास्त मुदत, बहुतेक ठिकाणी दंड माफ, ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुठून आली हे कोणी विचारत नाही. तिचा उगम फार जुना आहे, आणि उगमाशी सवलतीला एक जबाबदारी जोडलेली होती.

अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या कँटरबरीचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांनी मठांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत पुस्तकांच्या वार्षिक वाटपाचा विधी आहे. उपवासकाळाच्या सुरुवातीला ग्रंथरक्षकाने सगळी पुस्तके एका जाजमावर मांडायची. मागच्या वर्षी कोणाला कोणते पुस्तक दिले होते त्याची यादी वाचली जायची. नाव पुकारले की त्या साधूने आपले पुस्तक पुढे आणून ठेवायचे. ज्याचे वाचून झाले नसेल त्याने जमिनीवर पालथे पडून कबुली द्यायची आणि क्षमा मागायची. मग प्रत्येकाला पुढच्या वर्षासाठी एक पुस्तक. आपण ज्याला ग्रंथपडताळणी म्हणतो, परत घेणे म्हणतो, नूतनीकरण म्हणतो, ते सगळे या एका दिवसात उरकत असे. मुदत वर्षभराची होती खरी, पण वर्षाच्या शेवटी सगळ्यांसमोर हिशेब द्यावा लागे.

विद्यापीठे उभी राहिली तेव्हा त्यांनी हीच पद्धत उचलली. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात १२७६ मधल्या आदेशानुसार पुस्तके तीन कुलपांच्या पेटीत राहत आणि सदस्यांना, म्हणजे कॉलेजातल्या अभ्यासकांना, ती तारण घेऊनच दिली जात. हस्तलिखिताची किंमत पाहता यात नवल नाही. त्या काळी पुस्तक ठेवून कर्ज मिळत असे. ऑक्सफर्डच्याच ओरिएल कॉलेजचा १३२९ चा नियम तर आजच्या कोणत्याही परिपत्रकापेक्षा स्पष्ट आहे. वर्षातून एकदा, २ नोव्हेंबरला, सगळी सामाईक पुस्तके प्रमुखांसमोर मांडायची. सदस्यांनी ज्येष्ठतेच्या क्रमाने पुढे येऊन आपल्या विषयाचे किंवा गरजेचे एकेक पुस्तक निवडायचे आणि पुढच्या वर्षी त्याच तिथीपर्यंत ठेवायचे. पुस्तके उरली तर त्याच क्रमाने दुसरी फेरी. त्या दिवशी जो मुद्दाम गैरहजर राहील आणि पुस्तकाची भरपाईही मान्य करणार नाही, त्याचा त्या वर्षी निवडीचा हक्क गेला.

ज्येष्ठतेचा क्रम, विषयाची अट, वर्षाची मुदत, ठरलेल्या दिवशी पुस्तक प्रत्यक्ष दाखवणे : अध्यापकाच्या सवलतीचे सगळे घटक इथे हजर आहेत. पुढच्या सहाशे वर्षांत पहिले तीन टिकले आणि चौथा गळाला. आजच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ मला या गळण्यात दिसते.

पॅरिसच्या सॉरबॉन कॉलेजने दुसरा मोठा पायंडा पाडला. १२९० च्या यादीत तिथे १,०१७ ग्रंथ होते. सतत लागणारे, सगळ्यांच्या उपयोगाचे ग्रंथ एका दालनात बाकांना साखळीने बांधलेले असत आणि ते तिथेच बसून वाचायचे. दुय्यम प्रती आणि क्वचित लागणारी पुस्तके दुसऱ्या, लहान ग्रंथालयात असत. ती सदस्यांना बाहेर नेता येत. १३२१ च्या नियमात प्रत्येक विषयातले सर्वोत्तम पुस्तक साखळीत ठेवण्याची तरतूद झाली. साखळी म्हटले की आपल्याला अविश्वास आठवतो, पण ती एका सदस्याच्या खोलीतून पुस्तक सोडवून सगळ्यांपर्यंत आणण्यासाठी होती. संदर्भ विभागाच्या पुस्तकांवर आपण ‘बाहेर नेण्यास मनाई’ असा शिक्का मारतो तो याच विचाराचा वारस आहे. १३३८ पर्यंत तिथला संग्रह १,७२२ ग्रंथांवर गेला होता आणि त्यातले कितीतरी तोपर्यंत जागेवर नव्हते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची तिथली देवघेवीची नोंदवही आजही शिल्लक आहे.

छपाईने पुस्तक स्वस्त केले आणि साखळ्या हळूहळू निघाल्या. मात्र त्यापाठोपाठ ग्रंथालये सगळ्यांना खुली झाली असे नाही. १६०२ मध्ये उघडलेल्या ऑक्सफर्डच्या बोडली ग्रंथालयाने तर पुस्तक बाहेर देणेच नाकारले. १६४५ मध्ये खुद्द राजे पहिले चार्ल्स यांनी एक पुस्तक मागवले, तेव्हा ग्रंथपाल जॉन राउस नियमावली दाखवायला घेऊन गेले आणि राजांनी ती मानली. १६५४ मध्ये, राजेशाही उलथल्यावर देशाचे सत्ताधीश झालेल्या क्रॉमवेल यांनाही तोच नकार मिळाला. राजाला नाही म्हणणाऱ्या ग्रंथपालाची ही गोष्ट आम्हा मंडळींना फार प्रिय आहे. पण न देण्याचाही एक धोका असतो, आणि तो दाखवायला हार्वर्डचे उदाहरण पुरेसे आहे.

जॉन हार्वर्ड यांनी १६३८ मध्ये सुमारे ४०० पुस्तके त्या नव्या कॉलेजला ठेवली. १७६४ च्या जानेवारीत बॉस्टनमध्ये देवीची साथ होती म्हणून प्रांताचे विधिमंडळ कॉलेजच्या इमारतीत भरत होते. २४ तारखेच्या रात्री ग्रंथालयातल्या चुलाण्यापासून आग लागली आणि जवळपास ५,००० ग्रंथांचा संग्रह जळाला. वाचली ती नव्याने आलेली, अजून मांडणीवर न गेलेली पुस्तके, आणि जी कोणाच्या ना कोणाच्या नावावर बाहेर होती ती. जॉन हार्वर्ड यांच्या मूळ देणगीतले एकच पुस्तक त्या रात्रीतून सुटले, कारण ते बाहेर गेलेले होते.

आज ज्याला आपण अध्यापकासाठीची ग्रंथालय सेवा म्हणतो तिचा पाया जर्मनीतल्या ग्योटिंगेनला घातला गेला. १७३७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने ग्रंथालय हेच विद्यापीठाचे केंद्र मानले. क्रिस्टियान गोटलोब हाइने १७६३ पासून पुढे जवळजवळ पन्नास वर्षे तिथे ग्रंथपाल होते आणि स्वतः नामवंत प्राध्यापकही होते. त्यांच्या काळात संग्रह सुमारे ६०,००० वरून २ लाखांच्या घरात गेला. आकड्यापेक्षा खरेदीची पद्धत महत्त्वाची होती. कोणीतरी दान दिलेले स्वीकारायचे एवढ्यावर न थांबता, अध्यापन आणि संशोधनाला काय लागेल ते पाहून दरवर्षी नियमित पैसा खर्च करायचा, आणि आणलेले मोकळ्या हाताने वापरायला द्यायचे. १८१५ मध्ये तिथे शिकायला गेलेले अमेरिकी तरुण जॉर्ज टिकनर पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. आपल्याकडे इमारतींची काळजी जास्त आणि पुस्तकांची कमी, ही खंत त्यांनी तिथूनच घरी कळवली होती.

शिकवणारा माणूस संशोधनही करतो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात रुजली आणि सवलतीचा अर्थच पालटला. तोवर प्राध्यापकाला वर्षाला दोन-चार पुस्तके लागत. आता एकाच विषयावरची तीस-चाळीस एकदम लागू लागली, तीही महिनोन्‌महिने. विभागांची स्वतःची कपाटे भरू लागली, आणि मोठी संख्या, लांब मुदत, दंड नाही ही आजची त्रिसूत्री बसत गेली. त्याच वेळी विद्यार्थ्यांनाही पाठ्यपुस्तकापलीकडे वाचायला सांगितले जाऊ लागले. एकाच प्रतीवर दोन्हीकडून हक्क आला. हार्वर्डचे ग्रंथपाल जस्टिन विन्सर यांच्या काळात, १८७० च्या दशकाच्या अखेरीस, यावर एक तोडगा रूढ झाला : प्राध्यापकांनी आपल्या वर्गाला लागणाऱ्या पुस्तकांची यादी द्यायची आणि तेवढी पुस्तके वेगळी राखून ठेवायची, म्हणजे ती एकाच्या घरी अडकत नाहीत. अध्यापक स्वतःचा हक्क सोडून ते पुस्तक वर्गासाठी मोकळे करतो. माझ्या मते ग्रंथालयाच्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी तडजोड आहे, आणि सर्वांत कमी वापरली जाणारीही. सत्राच्या आधी यादी देणारे प्राध्यापक मी बोटांवर मोजू शकते.

पुस्तककार्ड आणि वाचक तिकिटांची पद्धत आली तशी विद्यार्थ्यांची देवघेव काटेकोर झाली : तारखेच्या खणात कार्ड, मुदत टळली की आठवणपत्र. अध्यापकांचे मात्र बहुतेक ठिकाणी खातेवहीतले एक पान राहिले. पुस्तक नेले की ओळ लिहायची, आणले की ती ओळ खोडायची. तारखेच्या खणात त्यांचे कार्ड नसल्यामुळे आठवणही जात नसे. इतके साधे कारण होते. कोणी ठरवून सूट दिली असे नव्हे. नोंदीच्या पद्धतीतच त्यांची तारीख बसलेली नव्हती.

शियाली रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हा पहिला नियम भिंतीवर सगळीकडे दिसतो. पण आपल्या प्रश्नाला लागू पडतात ते पुढचे दोन : प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. कपाटातल्या त्या संख्याशास्त्राच्या पुस्तकाला एक वाचक मिळाला होता. बाकीच्यांचे राहून गेले होते.

यावर आकडेमोड करून विचार सुरू झाला तो १९६० च्या दशकात. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात मायकेल बकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा मुद्दा मांडला की मुदत पुस्तकाच्या मागणीवरून ठरवावी. मागणी जास्त तर मुदत कमी. मग वाचक प्राध्यापक आहे की पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हा प्रश्न मागे पडतो. ज्या ग्रंथाला वर्षात कोणी विचारत नाही तो अध्यापकाकडे चार वर्षे राहिला तरी काय बिघडले? आणि ज्याला रांग आहे तो आठवड्यात परत यायलाच हवा. १९७९ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पाहणीचा अहवाल आला : १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुढच्या सहा वर्षांत एकदाही देवघेवीत गेली नव्हती. प्राध्यापकांना हा निष्कर्ष झोंबला. जागेवर बसून चाळलेल्या पुस्तकांची गणना यात नीट नाही, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो गैर नव्हता. पण ग्रंथखरेदीची शिफारस आणि प्रत्यक्ष वापर यांतले अंतर त्यानंतर झाकता आले नाही.

याच सुमारास ‘परत मागवणे’ हा अधिकार बऱ्याच ठिकाणी नियमात आला. अध्यापकाला सत्राची किंवा वर्षाची मुदत, हवे तितके नूतनीकरण, पण दुसऱ्याने मागणी नोंदवली तर ठरलेल्या दिवसांत पुस्तक परत. कागदावर हे सुंदर आहे. व्यवहारात परत मागवण्याचे पत्र एका कारकुनाने विभागप्रमुखांना पाठवायचे असते. मला स्वतःला ते पत्र तीनदा लिहून तीनदा फाडावे लागले आहे. संगणकाने हे काम आपल्या अंगावर घेतले हा त्याचा मोठा उपकार. सूचना आपोआप जाते आणि कोणाचा मान दुखावत नाही.

दरम्यान दुसऱ्या ग्रंथालयाचे पुस्तक मागवून घेण्याची सोयही वाढत गेली. १८७६ मध्ये अमेरिकी ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तके द्यावीत असे सुचवले, १९१७ मध्ये अमेरिकी ग्रंथालय संघाने त्याचे नियम केले. गंमत अशी की उसन्या आणलेल्या त्या पुस्तकाला अध्यापकही तारीख पाळतात, कारण तिथे आपल्या कॉलेजची पत पणाला लागलेली असते.

आता नेमके उलटे वळण आले आहे. छापील पुस्तक एकदा विकत घेतले की ग्रंथालयाचे झाले; ते कोणाला, किती दिवस द्यायचे हे ग्रंथालय ठरवते. ई-पुस्तक आणि ई-नियतकालिक मात्र परवान्यावर येते. एका वेळी किती जणांनी उघडायचे, किती पाने छापायची, ‘अधिकृत वापरकर्ता’ कोण, हे सगळे कराराच्या मसुद्यात ठरलेले असते. मुदत संपली की पुस्तक स्वतःहून बंद होते. खातेवहीतले पान गेले, दंड गेला, ज्येष्ठतेचा क्रमही गेला. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना छापील पुस्तके आम्ही सांभाळून घेऊन देत होतो. त्यांचे नाव आता करारातल्या व्याख्येत बसते का हे आधी पाहावे लागते.

संख्याशास्त्राचे ते प्राध्यापक निवृत्तीनंतरही अधूनमधून येतात. वाचनकक्षात बसतात, मांडणीवरून पुस्तके काढतात, आम्ही चिठ्ठीवर सही घेऊन एखादे घरीही देतो. मागच्या वेळी त्यांना त्यांच्याच विषयाच्या नियतकालिकातला एक लेख हवा होता. त्यांचे खाते निवृत्तीच्या महिनाअखेरीस आपोआप बंद झाले होते. करारात माजी अध्यापकांसाठी एक ओळ घालून घ्यावी म्हणून मी यंदाच्या नूतनीकरणाच्या पत्रात तसे लिहिले आहे. उत्तर अजून यायचे आहे.